खोदलेल्या रस्त्याचा पैसा रस्त्यालाच कसा लावायचा

माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. मागच्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर त्यानं मला त्याचं गॅसचं बिल दाखवलं. बिल, पावती, चलन असलं काही दिसलं की मी आधी चष्मा शोधते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका क वर्ग, म्हणजे लहान गावाच्या, नगरपरिषदेत मी लिपिक म्हणून लागले आणि एकतीस वर्षांनी लेखापाल म्हणून निवृत्त झाले. त्या बिलात एका ओळीत लिहिलं होतं, फ्रँचायझी फी. "मावशी, हा पैसा गॅसवाल्यांचा नाही, गावाचा आहे. रस्त्याखालून नळी नेली त्याचं भाडं. त्यातून ते रस्ते करतात."

तिकडे वीज, गॅस, केबलच्या कंपन्या गावाचे रस्ते वापरतात म्हणून गाव त्यांच्याशी करार करतं आणि मोबदला घेतं. कुठे बिलाच्या टक्क्यानं, कुठे घरटी महिन्याला ठरावीक डॉलर. केबल टीव्हीसाठी तर १९८४ च्या त्यांच्या कायद्यानं कंपनीच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांची कमाल मर्यादाच घातली आहे. मिनेसोटातली काही गावं हा पैसा फक्त रस्त्यांच्या देखभालीसाठी बाजूला ठेवतात. कंपनी मात्र स्वतःच्या खिशातून काही देत नाही, ग्राहकाच्या बिलात लावते. म्हणजे शेवटी गावकऱ्याचाच पैसा, फक्त वेगळ्या दारानं आलेला.

"मग आपल्याकडे का नाही?" भाच्यानं विचारलं. त्याला फोनवर जे सांगता आलं नाही ते इथे लिहिते. नवीन निवडून आलेले नगरसेवक, लेखा आणि बांधकाम विभागातली पोरंपोरी, आणि ज्यांच्या दारापुढं चर खणून ठेवलाय अशी माणसं, तिघांच्याही उपयोगी पडावं.

आधी नावाचा घोळ काढून टाकू. मराठवाड्यात फ्रँचायझी म्हटलं की संभाजीनगरच्या लोकांना जीटीएल आठवते. २०११ ते २०१४ या काळात त्या शहरातलं वीजवाटप महावितरणनं त्या कंपनीकडे दिलं होतं. ती गोष्ट वेगळी. तिथे वीज विकण्याचं काम दुसऱ्याला दिलं होतं. मी बोलतेय ते गावाची जमीन वापरल्याच्या मोबदल्याबद्दल.

आणि हेही स्पष्ट सांगते, की अमेरिकेतल्यासारखी फी आपल्या नगरपरिषदेला बिलावर लावता येत नाही. सभेत कुणी जोशात येऊन "वीजबिलावर दोन टक्के लावा" असा ठराव मांडला तर त्याला खाली बसवा. कायद्याचा आधार नसेल तर कर घेता येत नाही, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ मध्येच आहे. विजेवरचं विद्युत शुल्क राज्याचं. नगरपरिषदेनं कोणते कर घ्यायचे ते १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात लिहिलंय, त्यात असली फी नाही.

पण तोच पैसा आपल्याकडे दुसऱ्या नावांनी येतो. रस्ता फोडल्याची भरपाई, अनामत, जागाभाडं. येतो आणि बुडतो. कुठे बुडतो हे मी आतून पाहिलंय.

काय घेता येतं

आमच्या कचेरीत एक जुने शिपाई होते, निजामाच्या काळातले शब्द तोंडात असलेले. बाजारात टोपली मांडली की रोजची तहबाजारीची पावती फाडली जायची, ते काम त्यांच्याकडे. एकदा केबलवाल्यांचं काम चालू होतं तेव्हा ते मला म्हणाले, "मॅडम, त्या पेरूवालीकडून दोन फुटाच्या जागेला रोज पावती फाडायलो आपण. अन् हे गावाखालून पार स्टेशनपर्यंत चाललेत, ह्यांची पावती कोण फाडायलंय?" मी त्या दिवशी पहिल्यांदा खोदाईची परवानगी नोंदवही मागवली. दोन दिवस कुणाला सापडली नाही. सापडली ती बांधकाम विभागाच्या कपाटावर, सुतळीनं बांधलेली, आणि त्यात मागच्या चौदा महिन्यांची एकही नोंद नव्हती.

टेलिफोन-इंटरनेटच्या केबलसाठी आपले हात बांधलेले आहेत, हे आधी मान्य करा. २०१६ च्या मार्गाधिकार नियमांनी, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून केबल न्यायच्या परवानगीच्या नियमांनी, प्रशासकीय खर्चापोटी जमिनीखालच्या केबलला किलोमीटरमागे जास्तीत जास्त १,००० रुपये, एवढीच फी ठेवली होती. २०२३ चा दूरसंचार कायदा आला आणि त्याखालचे २०२४ चे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले, पण धोरण तेच आहे: केबल हे कमाईचं साधन समजू नका. रस्त्याचं जे नुकसान होईल त्याची भरपाई मात्र पूर्ण घेता येते. आपला पैसा इथे आहे. फीचा दर वाढवून मागण्यात वेळ घालवू नका, नुकसान नीट मोजा.

आणखी एक. अर्ज टेबलावर ठेवून "बघू" म्हणत बसलात तर नियमातली मुदत संपते आणि परवानगी मिळाली असं धरलं जातं. २०१६ च्या नियमांत ही मुदत ६० दिवसांची होती. परवानगी अशी आपोआप मिळाली म्हणजे तुमच्या अटी हातून गेल्या. मोजमाप नाही, भरपाईचा आकडा नाही, काही नाही. अर्ज दाबून ठेवला की कंपनी वठणीवर येते, असा आमच्याकडच्या एका साहेबांचा समज होता. आजकाल अर्ज ऑनलाइन पोर्टलवर येतात, तिथे दिवस आपोआप मोजले जातात. दाबायला कागदच नसतो.

मोबाइल टॉवरचा मालमत्ता कर हा वेगळाच गुंता आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात टॉवरवर मालमत्ता कर घेता येतो असं सांगितलं, आणि सगळीकडे बिलं निघाली. नंतर २०२३ च्या कायद्यात असं आलं की दूरसंचार यंत्रणा ज्या मालमत्तेवर बसवली तिचा भाग धरायची नाही, मालमत्ता करासाठीसुद्धा नाही. तेव्हा नवीन बिल काढण्याआधी वकिलाचं लेखी मत फायलीला लावा. टॉवर नगरपरिषदेच्याच जागेवर असेल तर जागेचं भाडं हा सरळ मार्ग आहे. फक्त मालमत्ता भाड्यानं देण्यासाठी अधिनियमाच्या कलम ९२ ची वाट चुकवू नका, नाहीतर लेखापरीक्षणात तुमच्यावरच आक्षेप निघेल.

शहर गॅसच्या पिवळ्या नळ्या, खासगी पाण्याच्या लाइनी, एखाद्या जिनिंगवाल्यानं स्वतःसाठी नेलेली विजेची केबल, या सगळ्यांना रस्ताफोडीची भरपाई लागू करा. आणि घरगुती नळजोडणीला सुद्धा. तिथे रक्कम किरकोळ असते, पण मोठ्यांकडून घ्यायची आणि लहानांकडून सोडायची असं दिसलं की मोठे वकील घेऊन येतात.

टेप

आता मुख्य काम. परवानगीच्या अर्जात लिहिलेली लांबी-रुंदी आणि जमिनीवरची लांबी-रुंदी कधीही सारखी नसते. कधीही.

एका कामाचं सांगते. परवानगी ६०० मीटरची, चराची रुंदी ४५ सेंटिमीटर. मी त्यावेळी सहायक लेखापाल होते, मोजणं हे माझं काम नव्हतं. पण बिलाची फाइल माझ्याकडे आली तेव्हा मला त्या रस्त्यानंच घरी जायचं होतं. शिपाई, मी आणि तीस मीटरचा टेप. शाळेजवळ सुरुवात केली. मुकादम धावत आला, "मॅडम, तुम्ही कशाला टेप घेऊन फिरायलात, सायबानं मोजलंय की." मी म्हटलं, साहेबांनी मोजलंय म्हणूनच फिरायलेय. शिपाई हसला, मुकादमही हसला, पण मागून फोन लावायला गेला.

भरलं ७४२ मीटर. रुंदी चराची ४५ च होती, पण ब्रेकरनं डांबर फोडताना दोन्ही कडा उखडल्या होत्या. तुटलेली पट्टी सरासरी ६० सेंटिमीटर. हिशेबाला सोपा म्हणून चौरस मीटरला १,००० रुपये दर धरू. कागदावर ६०० गुणिले ०.४५, म्हणजे २७० चौरस मीटर, २ लाख ७० हजार. जमिनीवर ७४२ गुणिले ०.६, म्हणजे ४४५ चौरस मीटरच्या वर, ४ लाख ४५ हजार २००. फरक पावणेदोन लाखांचा. तो फरक कुणी खाल्ला असं माझं म्हणणं नाही. तो कुणी मोजलाच नव्हता.

म्हणून अशी पद्धत ठेवा. काम सुरू व्हायच्या आधी सगळा मार्ग चालत जाऊन तारीख आणि ठिकाण उमटणारे फोटो काढायचे, मोबाइलमध्ये तसं ॲप मिळतं. रस्ता आधी कसा होता यावरच पुढे भांडण होतं. कंपनीचा माणूस म्हणणारच की आधीच खड्डे होते. चर उघडा असताना एकदा मोजायचं, बुजवल्यावर तुटलेली पट्टी पुन्हा मोजायची. दोन्ही वेळी कंपनीच्या माणसाची सही मोजमाप पुस्तिकेत तिथल्या तिथे घ्यायची. "उद्या ऑफिसला येऊन करतो" म्हणाला की ती सही गेली.

यंत्रानं आडवं भोक पाडून नळी नेतात, त्यात चर दिसत नाही. तिथे खड्डे मोजा. ठरावीक अंतरावर यंत्रासाठी आणि नळी जोडण्यासाठी खड्डे घेतात, ते प्रत्येकी दीड-दोन मीटर लांब निघतात. या प्रकारात आणखी एक धोका आहे, खाली आपली पाण्याची लाइन असली तर ती फुटते आणि वर काही कळत नाही. आमच्याकडे पाणी आठ-दहा दिवसांनी सुटायचं. म्हणजे लाइन सोमवारी फुटली तर बोंब पुढच्या आठवड्यात. तोवर यंत्र जिल्ह्याबाहेर गेलेलं. खोदणाऱ्यानं आधी कळवण्यासाठी केंद्र सरकारचं 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप मार्च २०२३ पासून आहे. त्यात नगरपरिषदेनं स्वतःच्या पाइपलाइनची नोंद करून ठेवली तर खोदणाऱ्याचा निरोप आपल्यापर्यंत येतो. पाणीपुरवठ्याच्या जुन्या माणसांना लाइन कुठून जाते ते तोंडपाठ असतं, कागदावर नसतं. त्यांच्या निवृत्तीच्या आधी एक दुपार त्यांना घेऊन गावभर फिरा आणि नकाशावर रेघा मारून घ्या. याला पैसे लागत नाहीत.

दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू दरसूचीवरून काढा. मनानं लावलेला दर कोर्टात टिकत नाही, आणि पाच वर्षांपूर्वीच्या ठरावातला दर लावला तर गावाचं नुकसान. डांबरी, सिमेंट, पेव्हर ब्लॉक, खडीचा, असे वेगळे दर. मुरूम भरायचा खर्च त्यात धरलाय का ते नक्की बघा.

मुरुमाचं कारण सांगते, कारण हे पुण्या-मुंबईचे लोक समजून घेत नाहीत. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. चरातून निघालेली हीच माती परत चरात लोटून वरून सिमेंटचा हात फिरवला, तर पहिल्या दोन पावसांत चर खाली बसतो. वरचा सिमेंटचा पापुद्रा तसाच राहतो, खाली पोकळी. आमच्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर भुईमुगाचा टेम्पो असाच मागच्या चाकानं खाली गेला होता, सकाळी सात वाजता, लिलावाच्या दिवशी. तेव्हा अटीत लिहा: निघालेली काळी माती उचलून न्यायची, मुरूम भरायचा, एकेक वीतभर थर टाकून पाणी मारायचं, धुम्मस किंवा प्लेटचं यंत्र चालवायचं, मग वरचा थर. आणि तिथे उभं राहून बघा. धुम्मसाचा आवाज ऐकू आला नाही तर काम झालेलं नाही.

अनामत, बँक गॅरंटी आणि एक आठवडा

रस्ता कोण पूर्ववत करणार हे परवानगीतच ठरतं. नगरपरिषद करणार असेल तर पूर्ण रक्कम आधी भरून घ्यायची. कंपनी स्वतः करणार असेल तर हमी म्हणून बँक गॅरंटी, म्हणजे काम झालं नाही तर मुदतीत मागितल्यावर पैसे देण्याचं बँकेचं लेखी वचन. मला विचाराल तर लहान नगरपरिषदेनं शक्य तिथे रोख भरपाई घ्यावी, कारण गॅरंटी सांभाळणं आम्हाला जमत नाही.

हे माझ्या स्वतःच्या चुकीवरून सांगतेय. एका कामाची गॅरंटी माझ्या तिजोरीत होती. रस्ता पूर्ववत झाला नव्हता, अभियंत्यांचा अहवालही होता. मी मार्चअखेरच्या गडबडीत, वर मुलीचं लग्न. एप्रिलमध्ये तिजोरी उघडली तेव्हा गॅरंटीची मुदत संपून आठवडा झाला होता. बँकेच्या शाखाधिकाऱ्यांनी चहा पाजला आणि हात जोडले. तो चर पुढे नगरपरिषदेच्या पैशानं बुजवला. फायलीवर माझी सही आहे.

त्यानंतर मी गॅरंट्यांची एक वही केली. प्रत्येक गॅरंटीपुढे संपायची तारीख, आणि त्याच्या ४५ दिवस आधीची तारीख लाल शाईनं. त्या लाल तारखेला कंपनीला मुदत वाढवायचं पत्र, आणि दुसरं पत्र बँकेला: मुदत न वाढल्यास हेच मागणीपत्र समजावं. आता मोबाइलमध्ये आठवण लावता येते, लावा. पण वहीही ठेवा, कारण मोबाइल तुमच्याबरोबर बदलून जातो आणि वही टेबलावर राहते. गॅरंटी खरी आहे का हे तिच्यावर छापलेल्या नंबरवर फोन करून विचारू नका, बँकेच्या शाखेला स्वतंत्र पत्र पाठवून लेखी घ्या.

पैसा बुडतो तो असा

समजा सगळं नीट झालं. चलन भरलं, पैसे बँकेत आले. आता काय होतं बघा.

पैसे जातात सर्वसाधारण नगरपरिषद निधीत. तिथे आधीपासून रांग लागलेली असते. पाणीपुरवठ्याच्या पंपाचं वीजबिल, सफाई कामगारांचा पगार, निवृत्तांची थकबाकी, टँकर. एक वर्ष आमच्याकडे रस्ताफोडीचे अकरा लाख आले आणि त्याच आठवड्यात पंपाची वीज तुटायची नोटीस आली. मुख्याधिकारी म्हणाले, "गाव तहानलेलं ठेवायचं का?" या प्रश्नाला उत्तर नसतं. अकरा लाख वीजबिलात गेले. चर उघडाच राहिला. लोक म्हणाले कंपनीनं फसवलं; कंपनीनं तर पैसे भरले होते.

यावर उपाय एकच, पैसा येण्याआधी त्याची वाट वेगळी करा. आल्यावर करू म्हटलं की होत नाही.

सर्वसाधारण सभेत ठराव घ्या. प्रशासक असतील तर प्रशासकीय ठराव. त्याची भाषा साधी ठेवा, मी वापरायचे ती देते: "रस्ता खोदाईपोटी जमा होणारी पुनर्स्थापना रक्कम स्वतंत्र बँक खात्यात जमा करण्यात यावी. सदर रक्कम ज्या रस्त्यापोटी जमा झाली त्या रस्त्याच्या पुनर्स्थापनेसाठी प्रथम वापरावी, शिल्लक राहिल्यास त्याच प्रभागातील रस्ते, नाल्या व केबल-नळ्यांसाठीच्या आडव्या पाइपांसाठी वापरावी. अन्य कोणत्याही प्रयोजनासाठी, तात्पुरत्या स्वरूपातही, वर्ग करू नये." "तात्पुरत्या स्वरूपातही" हे शब्द गाळू देऊ नका. सगळे पैसे तात्पुरतेच जातात.

मग लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबात ही रक्कम कोणत्या नावाखाली धरायची. महाराष्ट्र नगरपरिषद लेखा संहिता २०१३ पासून आपली पद्धत द्विनोंदी आहे, म्हणजे प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंना लिहायचा. परत करायची अनामत ही देणी आहे, उत्पन्न नाही. ती उत्पन्नात दाखवली की वर्ष फार छान दिसतं, अध्यक्ष खूश होतात, आणि दोन वर्षांनी कंपनी अनामत मागायला येते तेव्हा तोंड लपवावं लागतं. भरपाईची रक्कम जमेत घ्या, पण तिच्यासमोर खर्चाच्या बाजूला तेवढ्याच रकमेचं शीर्ष अंदाजपत्रकात असू द्या. अंदाजपत्रकाची तयारी जानेवारीत सुरू होते. बांधकाम विभागाकडून त्या आधी लेखी घ्या की पुढच्या वर्षी कोण कोण खोदणार आहे. पाणी योजना, गॅस, केबल, तिघांचे वेळापत्रक एका टेबलावर आलं तर एकच रस्ता तीनदा फुटत नाही.

पैसा थोडा असतो, तो कुठे लावायचा

गावचे सगळे रस्ते यातून होणार नाहीत. क वर्ग नगरपरिषदेत या खात्यात कधी वर्षाला चार लाख येतील, कधी मोठी लाइन गेली तर चाळीस. त्यामुळे नवा रस्ता धरण्याच्या नादी लागू नका. आधी चर बुजवा, मग दोन गोष्टी बघा.

पहिली, स्वहिस्सा. अमृत असो की नगरोत्थान, शासनाच्या योजनेत नगरपरिषदेला आपला वाटा घालावा लागतो आणि गाडी तिथेच अडते. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातही लहान शहरांना मिळणाऱ्या निधीचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. तो रस्त्याला लावता येत नव्हता. हातात मोकळा पैसा फारच थोडा. खोदाईच्या खात्यातल्या शिल्लक दोन लाखांवर आमच्या एका नाली-रस्त्याच्या कामाचा स्वहिस्सा भागला आणि बाकीचं अनुदान सुटलं. ठरावात "त्याच प्रभागातील रस्ते, नाल्या" असं लिहिलं होतं म्हणून हे जमलं.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. सिमेंटचा नवा रस्ता होतोय ना, तो ओतण्याआधी दर चौकात आणि मध्ये ठरावीक अंतरावर आडवे पीव्हीसी पाइप टाकून ठेवा. उद्या ज्याला केबल किंवा नळजोडणी रस्त्यापलीकडे न्यायची त्यानं त्या पाइपातून न्यावी. नवा सिमेंट रस्ता उद्घाटनाच्या फलकासकट कापला जाताना मी दोनदा पाहिलाय. पाइपाचा खर्च रस्त्याच्या मानानं नगण्य असतो, पण अंदाजपत्रकात कुणी धरत नाही, कारण योजनेच्या नमुन्यात ती ओळच नसते. म्हणून तो या खात्यातून करायचा. सामाईक डक्टची, म्हणजे अनेकांच्या केबलसाठी एकच नळीमार्ग ठेवण्याची, कल्पना दूरसंचार कायद्यातही आली आहे. डक्टमधून केबल नेणाऱ्याशी करार करून भाडं ठरवता येतं. रक्कम मोठी नसते. पण दरवर्षी येते. भाच्याच्या बिलातल्या त्या ओळीच्या सगळ्यात जवळ जाणारं आपल्याकडे हेच आहे.

तुम्ही नगरपरिषदेत नसाल तर

चर तुमच्या दारात आहे आणि कुणी दाद देत नाही. तक्रार अर्ज करा, पण त्याबरोबर माहिती अधिकाराचा अर्जही टाका. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "भ्रष्टाचार झाला आहे का" असं विचारू नका, त्याला "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येतं. कागदाचं नाव घेऊन मागा: अमुक रस्त्यावरील खोदाई परवानगीची प्रत, जमा रकमेच्या चलनाची प्रत, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पानं, बँक गॅरंटी असल्यास तिची मुदत, पुनर्स्थापनेच्या कार्यादेशाची प्रत. पाचच गोष्टी. मी टेबलाच्या त्या बाजूला बसून असे अर्ज घेतलेत. ज्या अर्जात मोजमाप पुस्तिकेचं नाव असायचं तो आला की बांधकाम विभागातला माणूस स्वतः उठून माझ्या खोलीत यायचा. आणि पुष्कळदा उत्तर जायच्या आधी मुरुमाची ट्रॉली जायची.

गॅरंटीची मुदत आठवणीनं विचारा. माझ्यासारखी एखादी तिथे बसलेली असेल तर तुमच्या अर्जामुळे तिला तिजोरी उघडायची आठवण होईल.

आमच्या मोंढ्याच्या रस्त्याखाली केबल-नळ्यांसाठीचे असे चार निळे आडवे पाइप आहेत. दोन भरलेत, दोन रिकामे. रिकाम्या पाइपांची तोंडं बंद करायला बाजारात टोपणं मिळतात, ती लावा. आम्ही पोत्याचा बोळा कोंबला होता आणि एका पावसाळ्यात गाळ जाऊन बसला. टोक कुठे आहे ते कडेच्या दगडावर रंगानं लिहून ठेवा, आणि दर मे महिन्यात रंग पुन्हा द्या, नाहीतर पाइप असूनही लोक रस्ताच फोडतात.